जाळायला काय मागवाल?

गेल्या अंकात 'लिटल इन्फर्नो' या छोटेखानी व्हिडिओ गेमवर मी चार ओळी लिहिल्या होत्या: फायरप्लेससमोर बसायचं, कॅटलॉगमधून खेळणी मागवायची आणि जाळायची. एवढ्यावर इतकी पत्रं येतील असं संपादकांनाही वाटलं नव्हतं. कोणी खुलासा मागितलाय, कोणी मला चांगलंच झापलंय. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्या एका गेमला आणि त्याच्या भाऊबंदांना. गेमचा शेवट फोडणारं उत्तर एकच आहे. त्याच्या आधी तशी सूचना दिली आहे.

प्रश्न : ताई, तुमच्या शब्दाखातर गेम घेतला. वस्तू मागवायची, जाळायची, नाणी वेचायची, पुन्हा मागवायची. ना शत्रू, ना पातळ्या, ना हरणं. याला गेम का म्हणायचं? (निवृत्त शिक्षक)

सर, तक्रार रास्त आहे. ज्यांनी गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी तो कसा चालतो ते सांगते. पडद्यावर विटांची एक चौकट आणि आत काळोख. कॅटलॉग उघडायचा, वस्तू निवडायची, नाणी मोजायची. थोड्या वेळाने पार्सल येतं. आतली वस्तू चौकटीत टाकायची आणि बोट किंवा माउस दाबून धरायचा, की ज्वाळा उठते. वस्तू जळता जळता नाणी उडवते. मान वळवून खोली बघायची सोय नाही. खिडकी नाही. जवळजवळ सगळा गेम त्या एका भिंतीकडे तोंड करून जातो.

डोक्याला काम एकच. कोणत्या दोन-तीन वस्तू एकत्र जाळल्या की 'कॉम्बो' जुळतो, ते ओळखायचं. असे 99 कॉम्बो आहेत. गेम फक्त त्यांची नावं देतो, वस्तू आपण शोधायच्या. पुरेसे कॉम्बो जुळले की पुढचा कॅटलॉग विकत घेता येतो. कॅटलॉग एकूण सात.

गेम का म्हणायचं, तर खेळायला इथे आग आहे म्हणून. मी ती बराच वेळ नुसती बघत बसते. कागद कडेकडेने काळा पडत आत वळतो, प्लॅस्टिक गळतं, काही खेळणी किंचाळतात, काही फुटून बाकीच्या वस्तू चौकटीभर उडवतात. मक्याचं कणीस टाकलं की लाह्या फुटतात. एक वस्तू पेटली की ज्वाळा शेजारच्या वस्तूवर कशी चढेल याचा अंदाज बांधण्यात भलताच वेळ जातो. 2013 च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये या गेमला तांत्रिक उत्कृष्टतेचं पारितोषिक मिळालं, याचं मला नवल वाटलं नाही.

मुळात कल्पना निघाली ती टीव्हीवरून. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स या वाहिनीने 1966 च्या नाताळात, घरी फायरप्लेस नसलेल्या प्रेक्षकांसाठी, पडद्यावर नुसता जळता ओंडका दाखवला. सोबत नाताळची गाणी. लोकांनी तो आवडीने बघितला आणि पुढे ती प्रथाच पडली. 'लिटल इन्फर्नो' करणाऱ्यांनी त्या ओंडक्याकडे बघून विचारलं, की याचाच गेम केला तर? तुम्हाला जो कंटाळा आला, तो त्यांनी समोर धरूनच गेम बांधलाय. तरीही दुसऱ्या कॅटलॉगपर्यंत हात रमला नाही तर खुशाल सोडा. हा सगळ्यांसाठीचा गेम नाही.

प्रश्न : दोन कॅटलॉग संपले. तुम्ही उपहास उपहास म्हणता तो कुठे आहे? मला तर नुसती मजा येतेय. (कॉलेजात शिकणारा वाचक)

मजा येतेय ना, मग तो सुरू झालाय. जरा हिशोब करून बघ. एखादी वस्तू जितक्या नाण्यांना घेतोस, जळताना ती त्याहून जास्त नाणी देते. म्हणजे तू कंगाल होऊच शकत नाहीस. ग्राहक ज्यात कधीच कंगाल होत नाही, असा बाजार कुठे असतो? आणि पैसे संपतच नसतील तर 'आता पुरे' म्हणायचं कारण कुठून आणणार? तू थांबला नाहीस. मीही थांबले नव्हते.

आता पार्सलांकडे बघ. सुरुवातीच्या वस्तू काही सेकंदांत येतात. पुढे वाट बघण्याची वेळ वाढत जाते. ती टाळायची असेल तर पोस्टाची तिकिटं खर्च कर, पार्सल ताबडतोब दारात. हे ओळखीचं वाटलं असेल. गेम आला नोव्हेंबर 2012 मध्ये. फोनवरचे 'फुकट' गेम तेव्हा जोरात होते. आधी मुद्दाम वाट बघायला लावायची आणि मग ती वाट तोडण्याचे खरे पैसे घ्यायचे, हा त्यांचा धंदा. 'लिटल इन्फर्नो'ने तो सापळा जसाच्या तसा उचलला, आणि शेवटचा खिळा तेवढा ठोकलाच नाही. आत खरे पैसे टाकायला कुठे फटच नाही. तिकिटं कॉम्बो जुळवून मिळतात, कार्डाचा नंबर कोणी मागत नाही. सापळा उघडा ठेवलाय, आत जाऊन त्याची रचना नीट बघून घे.

तिसरी जागा माझ्या खास जिव्हाळ्याची. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी घरपोच माल पाठवणाऱ्या कंपन्यांसाठी कॅटलॉगचा मजकूर लिहायचे. वस्तू कधी हातात यायची नाही. फोटो यायचा, सोबत मापं आणि रंग, आणि खाली दोन ओळींची जागा. त्या दोन ओळींत वाचणाऱ्याच्या घरात काहीतरी कमी आहे असं त्याला वाटायला लावायचं. माझे वरिष्ठ 'उपयुक्त' हा शब्द दिसला की लाल पेनाने खोडायचे. म्हणायचे, उपयोग कळला की माणूस विचार करतो. म्हणून सांगते, या गेमच्या कॅटलॉगमधलं प्रत्येक वस्तूखालचं वाक्य सावकाश वाच. ते लिहिणाऱ्याला हा धंदा आतून माहीत आहे. आनंदी, गोड आणि किंचित धमकावणारा सूर, आणि वस्तू काय तर 'दुसऱ्या कोणाचं तरी क्रेडिट कार्ड'. मागव आणि जाळ.

प्रश्न : लोकांना विडंबन कळलंच नाही आणि ते गंभीरपणे खेळत राहिले, असं कधी झालंय का?

झालंय, आणि फार मोठ्या प्रमाणावर. 'लिटल इन्फर्नो'च्या दोन वर्षं आधी, 2010 मध्ये. फेसबुकवरच्या 'फार्मव्हिल' या शेतीच्या गेमची साथ पसरलेली होती. इयान बोगोस्ट नावाच्या गेम-अभ्यासकाला, अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये शिकवणाऱ्या प्राध्यापकाला, या असल्या गेमचा वैताग आला होता. त्याने फेसबुकवर 'काउ क्लिकर' काढला. कुरणात एक गाय. तिच्यावर एकदा क्लिक करायचं. मग सहा तास थांबायचं. मग पुन्हा एकदा क्लिक. मित्रांना बोलवा, त्यांच्या गायी तुमच्या कुरणात येतील. थांबायचं नसेल तर पैसे द्या. दुसरी गाय हवी असेल तर पैसे द्या. त्यातली एक महागडी गाय म्हणजे तीच गाय, फक्त तोंड दुसऱ्या दिशेला.

चार जाणकार हसतील आणि विषय संपेल, अशी त्याची अपेक्षा होती. खेळणाऱ्यांची संख्या 50,000 च्या वर गेली. त्यांतल्या काहींना गंमत कळलेली होती, बऱ्याच जणांना पत्ता नव्हता. त्यांना गाय आवडली होती. बोगोस्टची पंचाईत झाली. ज्याची टर उडवायची तोच गेम तो रोज चालवत होता, नव्या गायी काढत होता, ग्राहकांच्या तक्रारी ऐकत होता. शेवटी त्याने गायींच्या प्रलयाची घोषणा केली आणि सप्टेंबर 2011 मध्ये सगळ्या गायी अदृश्य केल्या. कुरणं रिकामी पडली. लोक गाय असायची त्या जागेवर क्लिक करत राहिले. एकाने तक्रार केली की आता यात मजा उरली नाही. ती आधीही नव्हती, असं बोगोस्टने त्याला कळवलं.

मला यातून दिसतं ते असं, की नुसती नक्कल करून विडंबन साधत नाही. मूळ वस्तू ज्या कारणाने चालते त्याच कारणाने नक्कलही चालते. 'लिटल इन्फर्नो'कडे दोन गोष्टी जास्तीच्या आहेत. एक, आग खरोखर देखणी आहे, त्यामुळे खेळणाऱ्याला 'मी यात का रमलो' हा प्रश्न प्रामाणिकपणे पडू शकतो. गायीच्या बाबतीत उत्तर शोधण्यासारखं काही नव्हतंच. दोन, हा गेम संपतो. फार्मव्हिलला शेवट नव्हता, काउ क्लिकरला तो बाहेरून लादावा लागला. इथे शेवट गेमच्या पोटातच आहे.

प्रश्न : हावरट खरेदीवर टीका करायची आणि तीच टीका विकून पैसे कमवायचे. हा ढोंगीपणा नाही का? शिवाय तीन-चार तासांत संपणाऱ्या गेमला पैसे का मोजायचे?

गेममध्ये ही फायरप्लेस बनवणाऱ्या कंपनीचं नाव 'टुमॉरो कॉर्पोरेशन'. तिच्या प्रमुख मिस नॅन्सी. पहिलं पत्र त्यांचंच येतं: अभिनंदन, तुमची नवी फायरप्लेस आली, खेळणी टाका, ऊब घ्या. आता गेम करणाऱ्या खऱ्या स्टुडिओचं नाव बघा. टुमॉरो कॉर्पोरेशन. तीन माणसांनी मिळून काढलेला हा स्टुडिओ: काइल गॅब्लर, ॲलन ब्लॉमक्विस्ट, काइल ग्रे. आपल्या गेममधल्या खलनायक कंपनीला त्यांनी स्वतःच्या कंपनीचं नाव दिलंय. ढोंगी माणूस आरोपींच्या यादीत आपलं नाव घालत नाही.

ही गॅब्लरची जुनी खोड दिसते. आधीच्या 'वर्ल्ड ऑफ गू' (2008, रॉन कार्मेलसोबत केलेला) मध्येही चिकट, गोंडस गोळे नळ्यांतून ओढून घेणारी एक कंपनी आहे, आणि तिचंही नाव गेमवरूनच. 2015 च्या 'ह्यूमन रिसोर्स मशीन'मध्ये आपण कार्यालयातला नोकर असतो. एका पट्ट्यावरून ठोकळे उचलायचे, हुकमाप्रमाणे दुसऱ्या पट्ट्यावर ठेवायचे. मजला चढत जातो तसा नोकर म्हातारा होत जातो. खेळता खेळता आपण संगणकाला आज्ञा लिहायला शिकतो. पुढे त्या नोकराचं काय होतं, ते मी इथे सांगणार नाही.

तरी तुमचा प्रश्न पुरता निकालात निघत नाही. गेमला दहा वर्षं झाली तेव्हा, 2022 मध्ये, स्टुडिओने 'हो हो हॉलिडे' नावाची नाताळची पुरवणी विकायला काढली. जाळायला नवा कॅटलॉग, जुळवायला नवे कॉम्बो. वस्तू मागवून जाळण्याच्या वेडावर बोट ठेवणाऱ्या गेमला जाळायला आणखी वस्तू! मी हसले आणि घेतली. तुम्ही घेऊ नका म्हणालात तर माझ्यापाशी उत्तर नाही.

लांबीबद्दल मात्र मी ठाम आहे. गेम आला तेव्हाही किमतीच्या मानाने लहान आहे अशी ओरड झाली होती. एकच कृती असलेला गेम तीन-चार तासांच्या पुढे गेला असता तर विनोदाचं ओझं झालं असतं. गेमची किंमत तासांवर ठरवायची असेल तर 'डेझर्ट बस' नावाचा नमुना आहे. पेन आणि टेलर या जादूगार जोडीच्या 'स्मोक अँड मिरर्स' या संग्रहातला. टुसॉन ते लास वेगास, वाळवंटातून बस चालवायची. खऱ्या घड्याळाचे आठ तास. रस्ता सरळ, पण बस उजवीकडे ओढ खाते, त्यामुळे हात सोडता येत नाही. मध्ये थांबवण्याची सोय नाही. पोहोचलात की मिळतो एक गुण. तो संग्रह तेव्हा बाजारात आलाच नाही, पण 2007 पासून काही मंडळी दरवर्षी हाच गेम दिवसेंदिवस खेळून आजारी मुलांसाठी देणग्या गोळा करतात. तासांचा इतका सदुपयोग दुसऱ्या कुठल्या गेमने केल्याचं मला माहीत नाही.

प्रश्न : आवाज बंद करून खेळलं तर चालेल का? घरात सगळे झोपलेले असतात.

हेडफोन लावा. संगीत गॅब्लरचंच आहे, आणि पत्रांमधली भीती शब्दांपेक्षा त्या सुरांतून जास्त येते. आग तडतडते तेव्हा अंगावर ऊब आल्यासारखी वाटते. मुका गेम निम्माच कळेल.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी माझ्या टॅबवर हा गेम खेळते. खेळणी जाळून खुश होते. काळजी करू का?

दोन गोष्टी वेगवेगळ्या बघा. खऱ्या आगीशी खेळू नये, हे तिला गेमशिवायही सांगावं लागणारच आहे. ते या निमित्ताने सांगून टाका, स्पष्ट शब्दांत. गेम स्वतःही तसं बजावतो, पण त्याच्या सुरात थट्टा आहे आणि नऊ वर्षांच्या मुलीला थट्टा आणि ताकीद यांतला फरक कळेलच असं नाही.

दुसरं म्हणजे पत्रं. या गेमचा अर्थ पत्रांत आहे. भिंतीपलीकडे शुगर प्लम्प्स नावाची शेजारीण राहते. तीही तिच्या फायरप्लेससमोर बसून जाळतेय. ती आधी आगाऊपणे बडबड करते, मग आपल्याकडे वस्तू मागते, मग जवळची होते. शहरावरून फुग्यात बसून फिरणारा एक हवामानवाला आहे. तो कळवत राहतो, की बर्फ थांबत नाहीये, थंडी वाढतेय, धुराड्यांतून धूर निघतोय. थंडी आहे म्हणून लोक जाळतात, आणि वर काय चाललंय ते बघायला कोणी उठत नाही. मुलगी पत्रं न वाचता पुढे ढकलत असेल तर तिच्या वाट्याला फक्त जाळणं येतंय. तुम्ही शेजारी बसा, पत्रं मोठ्याने वाचा, शुगर प्लम्प्सचा आवाज काढा. तिला ती मैत्रीण आवडेल. पुढे एक दुःखाचं वळण आहे, त्या वेळी तुम्ही जवळ असलेलं बरं.

हे जमणार नसेल तर तिला 'अनटायटल्ड गूज गेम' द्या. ऑस्ट्रेलियातल्या हाउस हाउस या छोट्या चमूचा, 2019 चा. एक हंसीण शांत गावात येते आणि सगळ्यांना छळते. माळ्याच्या किल्ल्या पळवायच्या, टोपी पळवायची, दात्याळं तळ्यात टाकायचं. फ्रेंच संगीतकार देब्यूसीचा पियानो आपण दबकत चाललो तर दबकतो, पळालो तर उसळतो. दोघांना मिळून खेळता येतो, म्हणजे तुम्हालाही एक हंसीण.

प्रश्न : शेवट मला तुटक वाटला. सगळा गेम जाळायला लावलं आणि एकदम हे काय? (गेम पुरा न केलेल्यांनी हे उत्तर सोडून पुढच्या प्रश्नाकडे जावं.)

तुमचं घर जळतं. शुगर प्लम्प्सचं आधी जळलेलं असतं. मग इतका वेळ आपण ज्याच्या डोळ्यांनी बघत होतो ते लहान मूल पहिल्यांदा बाहेरून दिसतं, बर्फात उभं. आता जाळायला काही नाही, कॅटलॉग नाही, नाणी नाहीत. चालायचं आणि भेटेल त्याच्याशी बोलायचं.

तुटक आहे, कबूल. मला तो तसाच आवडतो. इतका वेळ हाताला एकच काम होतं आणि नजरेला एकच भिंत. त्यानंतर नुसतं डावीकडून उजवीकडे चालत जाणंही केवढं मोठं वाटतं! इतर गेममध्ये चालणं आपण मोजतसुद्धा नाही. इथे ते हक्काने मिळवल्यासारखं वाटतं, आणि तसं वाटावं म्हणून आधीचे तीन तास डांबून ठेवणं भाग होतं.

माझी तक्रार वेगळी आहे. मिस नॅन्सीची भेट. कंपनीची म्हातारी मालकीण स्वतः रॉकेटमध्ये बसून निघून जाते, हे चित्र एकट्याने पुरेसं बोलकं होतं. निघण्याआधी ती इतकं समजावून सांगते, की गेमला आपल्या खेळाडूवर भरवसा नाही की काय असं वाटतं. कॅटलॉगच्या दोन ओळींत जे साधलं ते इथे दोन पानांत पातळ झालंय. हवामानवाल्याच्या फुग्यात बसल्यावर गेम पुन्हा सावरतो.

प्रश्न : याच जातीचे आणखी गेम सुचवा. नियम सोपे हवेत, मला बंदुका चालवता येत नाहीत.

बंदुका मलाही येत नाहीत.

पहिला 'एव्हरी डे द सेम ड्रीम'. 2009, इटालियन कलावंत पाओलो पेदेर्चिनी, 'मोलेइंडस्ट्रिया' या नावाने काम करतो. राखाडी माणूस, राखाडी घर, राखाडी ऑफिस. ब्राउझरमध्ये खेळण्यासाठी केलेला, अगदी छोटा. फक्त डावी-उजवीकडे चालायचं, आणि रोजच्या रस्त्यावरून थोडं भरकटायचं धाडस करायचं. हा केला होता 'एक्सपरिमेंटल गेमप्ले प्रोजेक्ट'साठी, आणि तो प्रकल्प 2005 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ज्या चार विद्यार्थ्यांनी सुरू केला त्यांत आपले दोन्ही काइल होते, गॅब्लर आणि ग्रे. एकट्याने, सात दिवसांच्या आत एक गेम पुरा करायचा, हा तिथला नियम. 'वर्ल्ड ऑफ गू'चा पहिला अवतारही त्यातलाच. या सगळ्या गेमची कृती इतकी साधी का, याचं अर्धं उत्तर त्या सात दिवसांत आहे. आठवडाभरात एकच कल्पना नीट मांडता येते.

'पेपर्स, प्लीज' (2013, लुकस पोप) हा माझ्या मते या सगळ्यांचा मुकुटमणी. अर्स्तोत्स्का नावाचा काल्पनिक साम्यवादी देश, 1982 चा नोव्हेंबर, सीमेवरची चौकी. आपण पासपोर्ट तपासणारे कारकून. तारीख जुळते का, फोटो जुळतो का, शिक्का मारा. पगार तपासलेल्या माणसांच्या संख्येवर. रात्री हिशोब येतो: भाडं, अन्न, शेगडी, औषध. नियम रोज वाढतात. खिडकीसमोर बायकोचे कागद अपुरे असलेला नवरा उभा राहतो आणि दिवसभरातल्या दोनच चुका तुम्हाला माफ असतात, त्यानंतर दंड. इथे थट्टा फार हळू चढते. एका संध्याकाळी लक्षात येतं, की आपण माणसाचा चेहरा वर बघितलेलाच नाही, फक्त कागद बघितले. शेवट 20 प्रकारचे.

'द स्टॅनली पॅराबल' (2013) सगळ्यांना माहीत असेल. कर्मचारी क्रमांक 427, दोन दारं, आणि निवेदक म्हणतो की स्टॅनली डाव्या दारातून गेला. तुम्ही उजव्या दारातून जा. बाकी काही सांगत नाही.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझे बरेच कॉम्बो राहिलेत. मी उत्तरं इंटरनेटवर बघणार नाही असं ठरवलंय. काही युक्ती आहे का? आणि फोनवर खेळू की लॅपटॉपवर?

तुझा निश्चय मोडेल असं काही सांगणार नाही. तीन सूचना देते.

नाव मोठ्याने वाच. बहुतेक नावांत एक शब्द वस्तूकडे बोट दाखवतो आणि दुसरा तिच्या उपयोगाकडे. 'मूव्ही नाइट' म्हटल्यावर सिनेमा कशावर बघतात आणि बघताना काय खातात, एवढाच विचार केला तरी वस्तू सापडतात. त्यातली एक मी पहिल्याच उत्तरात नकळत सांगून बसलेय. 'बाइक पायरेट' तर तू आता डोळे मिटून जुळवशील.

अडलास तर नाव न बघता कॅटलॉग उलटा वाच. मागच्या कॅटलॉगमधल्या वस्तूही नव्या जोड्यांना लागतात, आणि आपण हमखास त्यांनाच विसरतो. वस्तूखालचं वाक्यही वाच. पुष्कळदा सूचना तिथे दडवलेली असते.

आणि तिकिटं जपून वापर. शेवटच्या कॅटलॉगमधल्या वस्तू यायला फार वेळ लावतात. आत्ता घाईने उधळलीस तर तेव्हा रिकाम्या चौकटीकडे बघत बसशील.

लॅपटॉप की फोन, तर हा गेम विंडोज आणि निन्टेंडोचं वी यू हे गेमयंत्र यांवर आधी आला, मग मॅक, लिनक्स, फोन-टॅब, आणि 2017 मध्ये निन्टेंडोच्याच स्विचवर. भारी यंत्र लागत नाही. तरी जमलं तर टॅब घे. माउसने आग लावता येते, पण बोटाने लावायची मजा वेगळी, आणि पडदा फोनपेक्षा मोठा असल्यामुळे कॅटलॉगमधली बारीक अक्षरं वाचताना डोळे ताणावे लागत नाहीत. राहिलेल्या कॉम्बोंची नावं पुढच्या पत्रात लिहून पाठव. मी वस्तू सांगणार नाही, पण कोणत्या कॅटलॉगमध्ये शोधायचं ते सांगेन.